ष्टँडबाई

त्या घरात मोतीबाई थोरली जाऊ. विहिरीवर पहिली घागर तिची, गौरीचं सूप तिच्या हातचं आणि भावकीतल्या लग्नात हळदीच्या मुसळाला पहिला हातही तिचाच. वीस वर्षं हे असंच चालत आलं होतं.

मग सदुसष्ट साली धाकटा दीर लडकू मोहोपाड्याला एका कारखान्यात लागला. काय म्हणून लागला, असं विचारल्यावर ऐटीत म्हणाला, "ष्टँडबाय हाय मी!"

बायकांना तो हुद्दाच वाटला. मास्तराची बायको मास्तरीणबाई, तशी लडकूची सुंदरा झाली ष्टँडबाई. "ष्टँडबाई, लुगडं कारखान्यातनं मिललं काय गं?" सुंदरा नुसती हसायची, नाय म्हणायची नाही. मोतीबाईच्या नावात तर जन्मापासून बाई होती, पण ती कुणाच्या तोंडात अशी घोळून कधी आली नव्हती.

तिनं सुंदरावर डोळा ठेवला. चहात गुळाऐवजी साखर पडते हे पाहिलं, अंबाड्यातली नवी जाळी पाहिली. आणि एक दिवस पाहिलं, की लडकू सकाळी नऊलाच परत आला, हातात डबा तसाच भरलेला. आठ दिवसांत तीनदा.

वालाच्या शेंगा घेऊन ती शाळेच्या गुरुजींकडं गेली.

"गुरुजी, ष्टँडबाय म्हंजे सायबाच्या खालचा का वरचा?"

गुरुजी हसले. "कुणाचाच नाही. त्यानं फक्त तयार राहायचं. कायमचा माणूस आला नाही तर याला आत घ्यायचं. आला तर हा घरी."

"तवर फाटकात उभा?"

"उभाच. त्या शब्दातच उभं राहणं आहे, मोतीबाई."

येताना तिचे पाय जमिनीला लागत नव्हते. पण ती कुणाला बोलली नाही. चुलतसासू गोदूबाईच्या मुलीचं, सोमीचं लग्न आठ दिवसांवर होतं. हळदीला सगळी भावकी जमेल तेव्हा, सगळ्यांच्या देखत विचारायचं: ष्टँडबाई, आज डबा भरलेलाच आला का गं? वाक्य तिनं तांदूळ निवडताना, भाकऱ्या थापताना घोटून ठेवलं.

हळदीच्या दिवशी नवं हिरवं लुगडं नेसून ती मांडवात आली. मुसळाला आंब्याची पानं बांधलेली, उखळात हळकुंडं. गोदूबाईला आपल्या मुलाला, कमळ्याला, कारखान्यात चिकटवायचं होतं. मुसळ धरणाऱ्या पाच सवाष्णी निवडायला तिनं कुंकवाचं बोट उचललं आणि पहिलं सुंदराला लावलं.

"पयला हात ष्टँडबाईचा." मग आणखी चौघींना. शेवटी मोतीबाईकडं वळून ती म्हणाली, "पाच झाल्या गं मोते. पर तू लांब जाऊ नको, तयार राव. ऐन वक्ताला कोनाला अडचण आली तं तुलाच घेईन."

वाक्य मोतीबाईच्या ओठावर आलं होतं. ते आता बोललं, शब्दाचा अर्थ फोडून सांगितला, तर मांडवातली प्रत्येक बाई कुणाकडं बघून हसेल, हे तिला लख्ख दिसलं. तिनं ते गिळलं.

सुंदरा सरकली. "या ना वयनी, धरा माज्यासंगती."

"नको. तू धर."

मुसळ उखळात पडू लागलं. मोतीबाई मांडवाच्या मेढीला टेकून उभी राहिली आणि पाचांतल्या कुणाला तरी अडचण यावी म्हणून एकेकीचं तोंड निरखत राहिली.