नलूने मोकळी केलेली डिस्क

भारतीचा फोन आला तेव्हा मी बाजारात कोळणीशी बोंबलांवरून हुज्जत घालत होते. "ताई, नलूमॅडम गेल्या..." माझा चेहरा बघून कोळणीने काही न विचारता मूठभर बोंबील जास्तीचे टाकले. हे नलूला सांगायला हवं होतं. पोट धरून हसली असती ती.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस नवीन पनवेलच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये आम्ही दोघी नोकरीला होतो. मी ऑफिस बघायचे, नलू लॅब सांभाळायची. मशिनवर लिनक्स होतं. डिस्कच्या ज्या भागात विद्यार्थ्यांचं काम असायचं, तो भाग आधी माउंट करावा लागे, म्हणजे सिस्टीमला जोडून घ्यावा लागे. हा हुकूम सिस्टीम फक्त अ‍ॅडमिनचा ऐकायची, आणि अ‍ॅडमिन एकटी नलू. त्यामुळे दिवसभर "मॅडम, माउंट!" असा पुकारा. पदर खोचून नलू या मशिनवरून त्या मशिनवर, पंगतीत वाढायला उभी राहिल्यासारखी. शिकवायची भारी हौस तिला, पण वेळ कुठून आणणार? शेवटी सुकापूरची भारती, तिची विद्यार्थिनी, तोंडावरच म्हणाली, "मॅडम, तुमाला बसायला टाइम नाय. आमाला शिकवनार कवा?"

ते नलूला लागलं. तिने क्लासच्या मालकांना, म्हणजे सरांना, सांगितलं की सेटिंगच्या फाइलीत डिस्कच्या त्या भागापुढे एक परवानगी लिहून ठेवली की ज्याचं तो माउंट करेल, अ‍ॅडमिनचा पासवर्ड कुणाला द्यायला नको. सर हसत म्हणाले, "मग तुम्हाला कशाला ठेवायचं, मॅडम?" चेष्टाच ती, पण तेव्हा नलूच्या नवऱ्याची कंपनी बंद पडली होती आणि घर तिच्या एकटीच्या पगारावर चाललं होतं. जिन्यात मी तिला म्हटलं, "गप्प राहा, बाई." ती म्हणाली, "अगं, मी काय नुसती कुलपं उघडायला आहे का?" दुसऱ्या दिवशी सगळ्या मशिनवर बदल करून ती मोकळी झाली.

लगेच घोळ झालाच. ज्याने माउंट केलं त्यालाच ते सोडवता येई, आणि तोवर दुसऱ्याला तिथे काही लिहिता येत नसे. भारती माउंट करून खुशाल घरी जेवायला गेली. अ‍ॅडमिन म्हणून नलूला ते चुटकीसरशी सोडवता आलं असतं, पण तिने निरोप धाडून भारतीला भरल्या ताटावरून उठवलं. "मॅडम, घास तरी गिलू द्याचा!" भारती धापा टाकत आली आणि अख्खी लॅब हसून लोळली. त्यानंतर माउंट सोडवल्याशिवाय कुणी जागचं हललं नाही.

आणि नलू खुर्ची ओढून शिकवायला बसली. इतकं छान शिकवायची की भारतीने गावातल्या बायका गोळा करून आणल्या. दुपारची बॅच सुरू झाली आणि सर स्वतः, "मॅडम, अजून एक घ्याल का?" म्हणून विचारायला आले.

गेल्या रविवारी त्या बॅचच्या बायका आणि मी नलूच्या घरी जमलो. तिच्या स्वयंपाकघराची रीत अशी, की येणारीने आपला चहा आपण करून घ्यायचा. भारतीने आधण ठेवलं, कुणी कप काढले, कुणी आलं किसलं. नलूचे यजमान दाराशी घुटमळत होते. मग हळूच म्हणाले, "साखर कुठे असते?" चौघी एकदम ओरडल्या, "खालच्या फळीवर, पितळी डब्यात!" सगळ्याच हसलो, तेही हसले... आणि डबा उघडून तसेच उभे राहिले. फार आठवली हो ती त्या क्षणी. भारतीने डबा त्यांच्या हातातून घेतला नाही. चमचा तेवढा पुढे केला.

"टाका काका तुमीच. किती ते आमी सांगू."