उशाशी चाललेलं बोलणं

"यांना काही कळत नाही," असं डॉक्टर माझ्या उशाशी उभे राहून आमच्या ह्यांना सांगत होते, तेव्हा मला सगळं कळत होतं.

ब्रेन हॅमरेज, म्हणजे मेंदूत रक्तस्राव. तासगावला द्राक्षबागेत डोकं धरून खाली बसले, ती थेट सांगलीच्या आयसीयूत जागी झाले. पण डोळा उघडेना, बोट हलेना. घशात श्वासाची नळी. आपण मेलोय की काय, असंही वाटून गेलं. मी लय भ्याले.

चार दिवसांनी पाहुणे बघायला येऊ लागले. आपल्याकडं आजाऱ्याच्या उशाशीच, तो तिथं नसल्यासारखं बोलायची रीत. थोरल्या जाऊबाईंनी माझ्या कपाळाला कुंकू लावलं, हुंदका दिला आणि म्हणाल्या, "भरल्या कपाळानं चाललीय, लय नशिबाची हाय. भावजी, हिरवी साडी काढून ठिवा." नवऱ्याआधी गेलेल्या बाईला आमच्यात हिरवी साडी नेसवतात. बाई मनापासून माझं कौतुक करत होत्या. एरवी मी त्यांच्या शब्दाला शब्द देते. आज आतून जीव तोडून ओरडत होते, तरी पापणी हलली नाही.

मग हे डॉक्टरांना म्हणाले, "सायेब, आशा न्हाई म्हणताय तर सोमवारी घरी न्हेतो." हे फौजेतून आलेले, ठरवलं की ठरवलं. घरी नेणं म्हणजे नळी काढणं. आणि आज वार कोणता, तेच मला ठाऊक नव्हतं.

तिथल्या एक तरुण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नेण्याआधी एक ईईजी करू." ईईजी म्हणजे डोक्याला तारा लावून मेंदूतल्या विजेच्या लहरी बघायच्या. "अलीकडं असं दिसून आलंय, की हालचाल न करणाऱ्या काही पेशंटना आतून सगळं समजत असतं. हात हलवायचा नुसता विचार केला तरी लहरी बदलतात."

डोक्याला तारा लावल्या आणि कानात आवाज आला. "उजव्या हाताची मूठ वळा. आता थांबा." मी इतकी गडबडले की मुठीबरोबर साडी, सोमवार, जाऊबाई सगळंच डोक्यात फिरलं.

"स्पष्ट काही दिसत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मग त्यांनी ह्यांना विचारलं, "या हातानं रोज काय काम करायच्या?"

"विरळणी. घडातलं दाटीचं मणी कात्रीनं काढायचं."

"मग तेच सांगा त्यांना."

हे कानाशी वाकले. "आगं, घड धर. मणी काप."

मी कापले.

"थांब."

थांबले. पुन्हा काप, पुन्हा थांब. सबंध संसारात ह्यांचं इतकं निमूट कधी ऐकलं नव्हतं.

"ऐकतायत त्या," बाई म्हणाल्या. "सगळं ऐकतायत." हे तिथंच रडायला लागले.

बोट हलायला पुढं कितीतरी आठवडे गेले, बोलायला त्याहून जास्त. पाय अजून ओढते. त्या बाईंचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत. तुमच्या घरचं कुणी असं पडलं असेल, तर आधी त्याला आपलं नाव सांगा, आजचा वार सांगा. बाकीचं बोलणं बाहेर जाऊन करा.

माझ्या शेजारच्या खाटेवर आटपाडीकडची एक बाई होती. तिचा आवाज मी कधी ऐकला नाही, तिच्या माणसांचा ऐकला. माझ्या तपासणीच्या आदल्या दिवशी तिला घरी नेलं. तिच्या डोक्याला कुणी तारा लावल्या नव्हत्या. ती आत होती का, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. मला भीती वाटते ती त्याचीच.