दातवाल्या बाईंचा आरसा

५ फेब्रुवारी १९८४, रविवार. थंडी सरली म्हणून रजया उन्हात टाकल्या आणि पेटी आवरायला घेतली. तेवढ्यात मध्यस्थ आला. कळमेश्वरच्या मंडळींना आमची लेक शोभा पसंत आहे. फक्त लग्नाआधी तिच्या समोरच्या दातांवर चिनी मातीचे पांढरे दात चढवून घ्या, असा निरोप होता. शोभा लहानपणी माझ्या माहेरी, उमरेडकडे वाढली. तिथल्या विहिरीच्या पाण्याने दातांवर पिवळे डाग पडतात. माझ्याही आहेत, माझ्या बहिणीच्याही होते. मध्यस्थाला चहाही न विचारता वाटेला लावलं आणि पेटीच्या तळाशी हात घातला. जुन्या लुगड्यात गुंडाळलेला प्लास्टरचा साचा तिथेच होता. धाकट्या बहिणीच्या, कुसुमच्या दातांचा. तो मला दातांच्या डॉक्टरीणबाईंनी दिला होता; त्यांना सगळे दातवाल्या बाई म्हणत.

बाईंचा आवाज असा की दवाखान्याबाहेरचा रिक्षावाला दचकून घंटी वाजवी. त्यांची एक रीत कुणालाच आवडत नसे. लग्नाची मुलगी आणली की सोबतच्या सगळ्यांना त्या बाहेर काढत. आई असो, मामा असो. आत फक्त मुलगी, बाई आणि हातातला आरसा.

कुसुमला आम्ही नेलं तेव्हा ती अठरा वर्षांची होती. अट अशीच होती, फक्त ते लोक दुसरे. होणारी सासू जातीने आली होती. बाईंच्या टेबलावर रंग जुळवायला पट्टीत लावलेले नमुन्याचे दात होते. सासूबाई बांगड्या निवडाव्यात तशा ते निवडायला बसल्या. सगळ्यांत पांढऱ्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "हे घाला."

"तोंड कोणाचं हाय?" बाईंनी विचारलं.

"पोरीचं. पण घर आमचं."

"मंग घराले लावा. बैल घ्यायले आल्या का दात पाहून? चला, बाहेर."

आम्हाला बाहेर काढण्याआधी मात्र त्यांनी सगळं सांगितलं, एकही गोष्ट न लपवता. दात आधी घासून लहान करावा लागतो. घासलेला दात परत वाढत नाही. साचा मुंबईला जातो, नवे दात यायला महिना लागतो, तोवर गार पाणीही झोंबतं. बसल्यावर ऊस सोलायचा नाही, सुपारी फोडायची नाही. कधीतरी एखादा निघतो, तडकतो, मग पुन्हा बसवा. "अन् हे जलमभर," त्या म्हणाल्या. "डाग पाण्याचा हाय, दात लोखंडावानी हायेत. काहून घासता?"

दहा मिनिटांनी कुसुम बाहेर आली आणि म्हणाली, "मले नाही पाहिजे."

सासूबाई उठून गेल्या. आईने कपाळावर हात मारला. आणि मी? मी त्या दिवशी बाईंना तोंडाला येईल ते बोलले. पोरीचं लग्न मोडता म्हणाले. मग मीच कुसुमचा दंड धरून तिला दुसऱ्या दातवाल्याकडे नेलं. तो म्हणाला, सगळं झटपट करून देतो. त्याने सहा धडधाकट दात एका दुपारी घासले. कुसुम खुर्चीत एकदाही ओरडली नाही. ते मला अजून सहन होत नाही.

त्याच घरात लग्न झालं. तिसऱ्या वर्षी हुरडा खाताना एक दात निघून ताटात पडला. ज्या सासूने रंग निवडला होता तीच सगळ्या पंगतीसमोर म्हणाली, "खोट्या दाताची सून आणली वं माय!" कुसुम तेव्हापासून तोंडावर पदर धरून हसते. हसते म्हणजे, हसली तर.

तिला घेऊन मी बाईंकडेच गेले. त्या "मी सांगितलं होतं" असं एकदाही म्हणाल्या नाहीत. आमचे सात-आठ हेलपाटे झाले, त्यांनी सहाही दात पुन्हा नीट बसवून दिले. शेवटच्या दिवशी, पहिल्या भेटीत आम्ही बाहेर असताना घेतलेला तिच्या न घासलेल्या दातांचा साचा कपाटातून काढून माझ्या हातात दिला.

"ठेव. तिचे दात आता येवढेच राह्यले," त्या म्हणाल्या. "आई अडाणी होती, सासू लोभी होती. तू तं शिकेल होती वं. तुले मी बाहेर बसवलं, तरी तू तिले उचलून नेली."

मी साचा पदरात बांधला आणि कुसुमला घेऊन निघाले.

गेल्या पावसाळ्यात बाई गेल्या. दवाखान्याच्या जागी आता कॅसेटचं दुकान आहे.

त्या रविवारी संध्याकाळी साचा समोर ठेवून मी कळमेश्वरला पत्र लिहिलं. आमच्याकडून नकार. तुमच्या घरात मुलगी द्यायची नाही. चार ओळी, कागद फाटेल इतक्या जोरात. लिफाफ्याला डिंक लावला आणि हात थांबला. शोभाला मी विचारलंच नव्हतं. पुन्हा मीच तिचा दंड धरून निघाले होते, फक्त दिशा उलटी.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला उठवलं. साचा, पत्र आणि आरसा तिच्यासमोर ठेवले, बाई सांगत तसं सगळं सांगितलं, आणि मी दार ओढून बाहेर पायरीवर बसले. आत जावंसं दोनदा वाटलं. गेले नाही.

शोभा बाहेर आली. पत्राखाली तिने एक ओळ घातली होती: "मुलाचे दात आम्ही पाहिले नव्हते, तेही आता राहू द्या."

"टाकू का वं आई?" तिने विचारलं.

"तुझं तू ठरव," मी म्हणाले.

चपला घालून ती टपालपेटीपर्यंत एकटी गेली.