पिंपळगावापर्यंतची बोळवण

जालन्याहून निघणारी सरकारी मोटार पूर्वी भोकरदनपर्यंत यायची आणि तिथूनच माघारी वळायची. पुढे सगळा बैलगाडीचा मुलूख. निजामाचं राज्य गेलं आणि त्यानंतर दर उन्हाळ्यात रस्ते थोडे थोडे पुढे सरकू लागले. एका साली टेंभुर्णीकडे फेरी वाढली, एका साली पिंपळगाव रेणुकाईपर्यंत मुरूम पडला. रेल्वे, मोंढा, जिनिंग, दवाखाने सगळं जालन्यात, त्यामुळे आम्ही खेड्यातले लोक त्या शहराकडे तोंड करून बसलेलो असायचो. सोयरीक जमवताना मुलाकडचे लोक जमिनीच्या आधी सांगायचे, "आमच्या गावाला मोटार लागती."

पिंपळगाव आणि धावडा यांच्या मधल्या आमच्या गावाला मोटार लागली ती ओढ्यात आम्ही स्वतः दगड भरले तेव्हा. मोटार मुक्कामी होती. दिवेलागणीला यायची, मारुतीच्या पाराजवळ रात्रभर उभी राहायची आणि उजाडताना जालन्याला निघायची. ड्रायव्हर-कंडक्टरचं जेवण घरोघरी पाळीनं ठरलेलं. आपल्या पाळीला पिठलं झालं तर बायकांना शेजारणीचे टोमणे ऐकावे लागत. पण ही गाडी अजून कायमची नव्हती. उतारू पुरेसे मिळाले तर ती राहणार होती, नाहीतर मुक्काम पिंपळगावला हलणार होता.

त्या साली माझी बायको तिसऱ्यांदा गरोदर होती. आधीची दोन मुलं दिवस भरण्याआधीच गेली होती. दुसऱ्या खेपेला मीच तिला बैलगाडीत घालून पिंपळगावच्या वाटेनं नेलं होतं. रस्ता कसा आहे हे मला माहीत होतं, तरी नेलं. घरात मला कुणी बोललं नाही. बायकोही बोलली नाही, आणि तेच मला जड गेलं. जालन्याच्या डॉक्टरीण बाईंनी या वेळी स्पष्ट सांगितलं, "बैलगाडीत बसवायचं नाही. आणि दर आठवड्याला मला दाखवायचं." जालन्यात राहायला आमचं कुणी नव्हतं. मोटारीला निदान स्प्रिंगा होत्या, आणि ड्रायव्हर ओळखीचा झाला होता. ती गाडी आमच्या दारातून सुटत होती म्हणून आम्हाला आशा होती.

दिवाळी झाल्यावर गाडीची पाहणी करायला जालन्याहून साहेब येणार असं कळलं. भोकरदनला रात्र काढून ते भल्या पहाटे आले, त्या सकाळी शेजारच्या मावशीची लेक सासरी निघाली होती. आमच्याकडे लेक सासरी जाताना सगळी आळी तिला वेशीपर्यंत घालवायला जाते. त्याला आम्ही बोळवण म्हणतो. मोटार आल्यापासून बोळवण पाराजवळ होऊ लागली होती, एवढाच फरक. कुणी खण आणलेला, कुणी करंज्यांचा डबा, कुणी नुसतंच रडायला आलेलं. साहेबांची जीप आली तेव्हा पाराभोवती ही दाटी. साहेब जीपमधून खाली उतरलेही नाहीत.

"इतके पॅसेंजर? वा! मग काळजीच नाही. गाडी राहील बराबर," ते म्हणाले आणि पुढचा रस्ता बघायला धावड्याकडे निघून गेले.

मग मोटार सुरू झाली. मावशीची लेक, तिचा नवरा, मोंढ्यात कापसाचा भाव विचारायला निघालेले एक म्हातारे, आणि आम्ही दोघं. एवढेच चढलो. बाकीचे हात हलवत उभे राहिले. मावशी रडता रडता हसत होती, "साहेबाचं डोळं दिपलं गं बाई!"

वाटभर मला चैन पडेना. मी बायकोला म्हणालो, "हे बरं नाही झालं. साहेबांची फसगत झाली."

"आपण काय केलं? त्येंनी इचारलं न्हाई, आपण सांगितलं न्हाई."

"तेच म्हणतो मी."

तिनं पदर नीट केला. "ओ, गप बसा बिलकुल. माझ्याकडं बघा अन् गप बसा."

मी गप बसायला हवं होतं. पण दोन मुलं गेल्यापासून माझ्या मनानं एक खूळ घेतलं होतं. माझ्या हातून काही वावगं झालं की त्याचा झटका तिच्या पोटाला बसेल असं मला वाटायचं. हे मूल खोट्यावर बसून जालन्याला जातंय, हा विचार डोक्यातून जाईना. आम्ही भोकरदनला पोचलो, तिथे चहापाण्याला गाडी बराच वेळ थांबायची. थोड्या वेळानं साहेबांची जीपही धावड्याहून येऊन हॉटेलासमोर उभी राहिली. मी उतरलो आणि त्यांना सांगून टाकलं की ते पॅसेंजर नव्हते, पोरीला घालवायला आलेले लोक होते.

साहेबांनी चहाचा कप तोंडाजवळच थांबवला. मग हसले. "तुम्ही गाडीच्या विरोधात आहात का?"

"नाही साहेब. आम्हाला ती फार गरजेची आहे."

"अजब माणूस आहात." त्यांनी कप खाली ठेवला. "ठीक आहे. महिनाभर बघू. तिकिटं निघाली तर गाडी, नाहीतर मुक्काम पिंपळगावला."

परत येऊन बसलो तेव्हा बायकोनं तोंड खिडकीकडे फिरवलं होतं. दवाखान्यात बाईंनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं तिनं दिली, तेवढीच.

संध्याकाळी गावात उतरायच्या आत बातमी पोचली होती. भोकरदनच्या हॉटेलातून कुणी सायकलवाला घेऊन आला असणार. पारावर बसलेल्यांपैकी एकानं आवाज टाकला, "आला बघा सत्याचा पुतळा! हार आणा रे जल्दी!" जो गाडीवान भाड्यानं पिंपळगावला उतारूंची बैलांची दमणी हाकायचा, तो मात्र हसत होता. मोटार आल्यापासून त्याचा धंदा बसला होता. "माझे बैल तुझं नाव घेऊन राह्यले," तो म्हणाला.

मावशी आमच्या ओट्यावर येऊन बसली. मला वाटलं आता माझी चांगली कानउघाडणी होणार. ती बायकोजवळ गेली, तिच्या पायांवरून हात फिरवला, आणि मला म्हणाली, "तू बोललास ते बोललास. देवानं तुला तोंड दिलंय, अक्कल द्यायची राहून गेल्ती. आता आमाला करू दे काय करायचं ते."

दुसऱ्या दिवशी सकाळी कुणी तरी भोकरदनला कचेरीच्या कामाला निघालं होतं. साधा पुरुष माणूस, त्याची कसली बोळवण? पण मावशी आणि आळीतल्या चौघीजणी पाराजवळ हजर. गाडी सुरू झाल्यावर त्याही चढल्या.

कंडक्टर म्हणाला, "मावशी, खाली उतरा, गाडी सुटली."

"सुटू दे की. आजपासून आमची बोळवण वेशीपातूर न्हाई, पिंपळगावापातूर. फाड तिकीट."

पिंपळगावला उतरून त्यांनी रेणुकाईचं दर्शन घेतलं आणि शेतांच्या बांधांवरून चालत घरी आल्या. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या बायका, मग पुरुष. कापूस वेचणीचे दिवस, एक सकाळ गेली तर दिवसभराचं काम मागे पडायचं. तरी रोज काही माणसं पिंपळगावपर्यंत मोटारीनं जात होती आणि उन्हातून पायी परत येत होती. कंडक्टरनं एकदा विचारलं, "रोज रोज देवीला काय मागता?" एक म्हातारी म्हणाली, "मागत कुठं, हजेरी लावून राह्यले."

मी लाजेनं अर्धा झालो होतो. प्रत्येकाला म्हणायचो, तुम्ही कशाला, राहू द्या. ते माझ्याकडे लक्षच देत नव्हते. हे माझ्यासाठी नव्हतं, तिच्यासाठी होतं, हे समजायलाही मला वेळ लागला.

एका सकाळी तो गाडीवान चढला. खिडकीजवळ बसला, तिकीट काढलं, आणि मोटारीचं छप्पर, बाकं, सगळं रागानं न्याहाळत राहिला. मी त्याच्याजवळ गेलो. काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"बोलू नको," तो म्हणाला. "माझ्याच पोटावर मीच पाय देऊन राह्यलो. पर तुझ्या बायकोला मी गेल्या टायमाला दमणीतून नेलं आस्तं तर आज माझं मन कसं राह्यलं आस्तं, ते बघतो." पिंपळगावला तो उतरला आणि मागे न बघता शेताच्या वाटेला लागला.

महिना संपता संपता साहेब आले, न कळवता. भोकरदनहून आदल्या संध्याकाळच्या गाडीनंच येऊन चावडीत मुक्कामाला राहिले होते, हे आम्हाला सकाळी ते गाडीत चढले तेव्हा कळलं. गाडी गच्च भरलेली. निम्म्या लोकांच्या हातात पिशवीसुद्धा नव्हती. माझ्या शेजारी बायको होती, तिला आता नीट वाकताही येत नव्हतं. साहेबांनी मला ओळखलं.

"काय हो, आज यांतले खरे पॅसेंजर किती?"

माझ्या तोंडाशी उत्तर आलंच होतं. बायकोनं माझ्याकडे बघितलं नाही, मावशीनंही नाही. तेवढ्यात मीच बघितलं, प्रत्येकाच्या मुठीत तिकीट होतं. कुणी मळलेल्या, चिकानं काळ्या झालेल्या बोटांत धरलेलं, कुणी पदराच्या गाठीत. त्या तिकिटांत खोटं काय होतं?

"सगळे, साहेब," मी म्हणालो.

साहेब सगळ्या बाकांवरून नजर फिरवत राहिले. त्यांना काय काय कळलं हे मला आजही सांगता येणार नाही. पिंपळगावला जवळजवळ सगळी गाडी रिकामी झाली तेव्हा ते खिडकीतून त्या लोकांकडे पाहत होते. ड्रायव्हरला एवढंच म्हणाले, "पुढचा खड्डा सांभाळून घ्या. बाई आहेत."

मुक्काम आमच्या गावातच राहिला. पुढच्या साली तीच फेरी धावड्यापर्यंत वाढली.

मुलगी जालन्याला झाली. बाळंतीण आणि बाळ घेऊन आम्ही त्याच मोटारीनं परतलो. पाराजवळ आळी उभी होती. मी उतरलो आणि हात जोडून काहीतरी बोलायला लागलो, बहुधा आभाराचंच. मावशीनं माझ्या हातांकडे बघितलंही नाही. "हो बाजूला," ती म्हणाली, आणि मोटारीच्या पायरीवर चढून तिनं बायकोच्या हातातून लेकरू घेतलं.