सहा रंगांत बसवलेली खाडी

बाबांनी आळीत सगळ्यांना सांगून टाकलं होतं: दिवाळीनंतर कॅलेंडर येणार, आणि त्यावर ते स्वतः असणार. बाळकुमच्या खाडीत जाळं टाकणारा कोळी कॅलेंडरवर येणं म्हणजे काय साधी गोष्ट! ज्यांनी विचारलं नाही त्यांनाही धरून धरून सांगितलं. त्यात ते कॅलेंडर त्यांची लेक बनवत होती, मग तर विचारायलाच नको. मी मात्र मूग गिळून बसले होते.

मी डोंबिवलीत एका स्क्रीन प्रिंटिंगवाल्याकडे कॉम्प्युटरवर बसायचे. नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं. मुलगी कॉम्प्युटरवर बसते म्हटलं की लोक मान वर करून बघायचे, आणि मला ते फार आवडायचं. ऑफिसात मी नुसती ‘ठाण्याची’ होते. ठाण्यात कुठे, असं कोणी विचारलं की मी विषय बदलायचे. डब्यात कायम बटाट्याची भाजी. आई कळव्याच्या बाजारात मासळी विकते हे तिथे कोणाला माहीत नव्हतं, आणि ते माहीत होऊ नये म्हणून मी रोज सकाळी दोनदा साबण लावायचे. आज लिहितानाही कानशिलं तापतात.

एका केमिकल कंपनीला कापडी कॅलेंडर हवं होतं, वर खाडीचं चित्र. सर, म्हणजे आमचे मालक, म्हणाले, “तू ठाण्याची ना गं? फोटोग्राफरला जरा खाडी दाखव की.” नाही कशी म्हणणार? मी त्याला बाळकुमला घेऊन गेले, आणि नेमके बाबा होडीत. अंगात काही नाही, कमरेला कोळी रुमाल, उन्हाने रापलेलं काळं अंग, पोटऱ्यांपर्यंत चिखल. फोटोग्राफर जाम खूश. “काका, असेच उभे राहा!” बाबांनी डावा पाय होडीच्या काठावर ठेवला, छाती पुढे काढली आणि सगळी खाडी आपल्या बापजाद्यांची असल्यासारखे उभे राहिले. तशी ती होतीच म्हणा.

“ओळखीचे आहेत का?” फोटोग्राफरने विचारलं.

“हो, ओळखीचे,” मी म्हटलं. ते खोटं नव्हतं. म्हणूनच त्याची जास्त लाज वाटते.

कापडावर छापायचं तर प्रत्येक रंगाला छपाईची वेगळी जाळी लागते. कंपनीने सहाच रंग मंजूर केलेले. मग फोटो स्कॅन करायचा, सहा रंग निवडून त्यांची पॅलेट सॉफ्टवेअरमध्ये भरायची आणि कमांड द्यायची. फोटोतला प्रत्येक ठिपका त्या सहांपैकी आपल्याला सगळ्यात जवळचा रंग पकडतो. मधले सगळे रंग गेले. मी पहिल्यांदा एक तपकिरी ठेवला होता आणि चित्र सुरेख उतरलं होतं. चिखल, पाणी, बाबा, सगळं त्या एकाच तपकिरीत.

कंपनीचा माणूस ते बघून म्हणाला, “खाडी निळी पाहिजे. हे गटार वाटतंय.” खाडीत कोणाकोणाच्या कारखान्यांचं पाणी येऊन पडतं हे त्याला विचारायची माझी काय टाप! मी तपकिरी काढला आणि त्या जागी निळा घातला. पाणी निळं झालं, आणि बाबाही निळे झाले. रंग एकच होता ना दोघांचा. होडीत कोणी आहे हेच कळेना. सर मागे येऊन उभे राहिले. “अगं, तुझा कोळी बुडाला!” ते हसले. मीही हसले.

बाबांना पाण्यातून वर काढायचं तर उरलेल्या रंगांतलाच एक द्यायला हवा होता. पहाटेच्या आभाळासाठी कंपनीने एक फिकट गव्हाळ मागितला होता. तो त्यांच्या अंगाला दिला, आणि मला बघवेना. त्यांचं काळं अंग मला जन्मात कधी उघडं वाटलं नव्हतं. या उजळ रंगात ते एकदम नागडे दिसायला लागले. शेजारच्या टेबलावरच्या मुली वाकून बघायला लागल्या. मग मी माऊसने त्यांना पांढरा शर्ट घातला. काळी पॅंट घातली. हात बसल्यावर भांगसुद्धा पाडला. बूट घालणार तेवढ्यात जेवायची सुट्टी झाली आणि ते राहूनच गेले. “वा, एकदम शिकलेला कोळी!” सर म्हणाले. खरं सांगते, मला बरं वाटलं. आता हे माझे वडील असं सांगायला काही हरकत नव्हती. तरीही सांगितलं नाही.

कॅलेंडर घरी नेऊ नये असं फार वाटत होतं, पण बाबा रोज विचारायचे. शेवटी नेलं. ओटीवर आळी जमली. आई पदराला हात पुसत बाहेर आली. बाबांनी गुंडाळी सोडली.

“येवरा निला पानी?” आत्या म्हणाली. “दादूस, ह्याच्यान तू कुठं हायस?”

बाबा बोटाने शोधत होते. होडी त्यांनी लगेच ओळखली, पुढची ठिगळाची फळीसुद्धा दिसत होती. मग बोट त्या शर्टवाल्यापाशी येऊन थांबलं.

“गो बाय, माजे होरीन ह्यो कोन उबा हाय?”

“कंपनीचा माणूस असेल,” मी म्हटलं. “त्यांनी नंतर घातला.”

“आसंल,” बाबा म्हणाले. पण बोट खाली सरकत गेलं, पॅंटीवरून, होडीच्या काठापर्यंत. तिथे डावा पाय होता. अनवाणी, अंगठा बाकीच्या बोटांपासून फाकलेला. बाबांचं बोट तिथून हलेना. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं, चार शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं. ते आळीकडे तोंड करून मोठ्याने म्हणाले, “फोटू कारला तवा मी पान्यान उतरलेलो. म्हनून मी दिसत नाय.”

लोक हळहळले. आत्याने फोटोग्राफरचा उद्धार केला. आईने भिंतीवर खिळा ठोकून कॅलेंडर टांगलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा होडीवर निघाले तेव्हा त्यांच्या अंगात लग्नाकार्यात घालायचा पांढरा शर्ट होता. गळ्यापर्यंत सगळी बटणं लावलेली. चिखलात हा कशाला, म्हणून आई आतून ओरडली.

“ऊन लागतंय,” ते म्हणाले.

ऊन यायला अजून वेळ होता. मी दारात डबा घेऊन उभी होते.