आम्ही मजेत आहोत, म्हणून बँक नाही म्हणाली

अन्याय झाला तो माझ्या काकूवर. २००८ सालच्या फेब्रुवारीत, एका मंगळवारी दुपारी, शिकागोजवळच्या नेपरव्हिलमध्ये, तिच्या स्वयंपाकघरात, ती कुकर लावत असताना. बँकेच्या माणसाने फोन करून सांगितलं की तुमचा घराच्या शॉर्ट सेलचा अर्ज आम्ही परत पाठवतोय, कारण तुम्हाला काही अडचण आहे असं कागदांवरून दिसत नाही. त्या वेळी तिच्या ड्राइव्हवेवर गुडघाभर बर्फ होता आणि तो काढायला घरात दुसरं कोणी नव्हतं. काका इकडे पूर्वेला होते, जर्सी सिटीत, आणि रोज माझ्या सोफ्यावर झोपत होते.

काकांची शिकागोची नोकरी आदल्या उन्हाळ्यात गेली. नवीन मिळाली ती मॅनहॅटनमध्ये, पगार बराच कमी. मी तेव्हा भाडेकरूंच्या संघटनेत काम करत होते, म्हणजे दिवसा पत्रकं लिहायची आणि संध्याकाळी ती दारोदार वाटायची. 'घर विकलं जाईपर्यंत महिनाभर राहतो,' म्हणून काका आले आणि माझ्या फ्रिजमध्ये लसणाची चटणी, शेंगदाण्याचं कूट आणि ताकाचं पातेलं असे कायमचे रहिवासी झाले. मी भाडेकरूंच्या हक्कांसाठी भांडणारी बाई. माझ्याच घरात मला टीव्हीचा रिमोट मिळेना.

घर विकलं जात नव्हतं, कारण ते सगळ्यात महाग दिवसांत घेतलेलं. आता जी किंमत येत होती तिच्यात कर्ज फिटत नव्हतं. एजंट म्हणाला, शॉर्ट सेल करा. काकांना वाटलं, शॉर्ट म्हणजे लवकर आटपणारा. "बरं झालं, लाँग असता तर?" म्हणाले. मी त्यांना समजावलं, काका, वाण्याकडे पाच रुपये शॉर्ट पडतात ना, तो शॉर्ट. घर विकून येणारे पैसे कर्जाला शॉर्ट पडतात, म्हणून बँकेला विचारायचं की एवढ्यावर भागवता का. वाणी 'राहू द्या' म्हणतो. बँक आधी पुरावा मागते. त्या पुराव्यातला मुख्य कागद म्हणजे हार्डशिप लेटर, आपलं कसं वाईट चाललंय ते आपल्याच शब्दांत.

गिऱ्हाईक मिळालेलं होतं. नागपूरचं एक तरुण जोडपं, बाळ व्हायचं होतं, एप्रिलपर्यंत थांबायला तयार. तोपर्यंत बँक हो म्हणाली नाही तर ते दुसरीकडे घेणार आणि काकू पुढचा हिवाळाही त्या घरात एकटी काढणार. एवढं सगळं त्या एका पत्रावर होतं.

अर्ज परत आल्यावर मी काकांना म्हटलं, दाखवा बघू तुम्ही काय लिहिलंत ते.

पत्राची सुरुवात अशी होती: देवाच्या कृपेने आम्ही सर्व इकडे मजेत आहोत, आपणही असाल अशी आशा करतो.

"काका, हे तुम्ही बँकेला लिहिलंत?"

"मग पत्राची सुरुवात कशी करतात?"

पुढे नोकरी बदलल्याचं एका ओळीत होतं, 'करिअरमध्ये नवीन आव्हान' अशा थाटात. मग मुलीचं शिक्षण उत्तम पार पडल्याचं. आणि शेवटी, आम्ही आजवर एकही हप्ता चुकवलेला नाही, याचा अभिमान.

"बँकेचा माणूस तेच म्हणाला," मी सांगितलं. "हप्ते वेळेवर येतायत, पत्रात सगळे मजेत आहेत, मग अडचण कुठाय?"

"म्हणजे पैसे वेळेवर भरले म्हणून नापास?"

"हो."

"मग हप्ते बुडवायचे?"

"त्यांचा माणूस तसं तोंडाने सुचवतो, लेखी देत नाही."

काका बराच वेळ ताक ढवळत राहिले. आयुष्यभर वेळेवर पैसे भरणाऱ्या माणसाला, तू वेळेवर भरतोस हाच तुझा प्रॉब्लेम आहे, असं सांगणाऱ्या धंद्याला मी बदमाशी म्हणते. तेव्हाही म्हणत होते, आजही म्हणते. लोकांना झेपणार नाहीत अशी कर्जं दिवाळीच्या फराळासारखी वाटताना या मंडळींनी कुणाकडे दुःखाचा पुरावा मागितला नव्हता.

तर मी पत्र लिहायला घेतलं. हे माझं काम होतं. 'तुमच्या हावरटपणामुळे' असं पहिलं वाक्य आणि तिथून चढत गेलं. काकांनी चष्मा लावून ते वाचलं.

"यात मी मेलोय का?"

"नाही."

"वाचून वाटतं. आणि हे शेवटी 'एकजूट व्हा' कुणाला? बँकेला?"

ते म्हणाले, मी यावर सही करणार नाही, मी काही भिकारी नाही. मी म्हटलं, यार काका, भिकारी नाही, सोफ्यावर झोपणारे आहात. दोघंही चिडलो. शेवटी काकूला फोन लावून स्पीकरवर ठेवला.

"काकू, तू सांग काय लिहायचं ते. खरं जे आहे ते."

"खरं?" काकू म्हणाली. "लिही, नवरा तिकडे आणि मी इकडे. लिही, बर्फ मी काढते."

"ते शेजाऱ्याचं मशीन आहे ना?" काका म्हणाले.

"शेजारी घर सोडून कधीच गेले. बँकेनं घेतलं त्यांचं."

"तू बोलली नाहीस."

"अहो, तुम्ही विचारता, कसं काय? मी म्हणते, मजेत. संपलं."

मग ती म्हणाली, "हात मोडला हेही घालू का गं? की ते फार होईल?"

मी विचारलं, कुणाचा हात?

"माझाच. ड्राइव्हवेवर घसरले. आता प्लास्टर निघेल. डावा आहे, तसं काही अडत नाही."

"आणि पोळ्या?" काकांनी विचारलं. मी त्यांना मारणारच होते, पण त्यांचा आवाज भलताच झाला होता.

"ब्रेड खाते. तुम्ही नसल्यावर कोण बघतंय."

काकांनी माझ्या हातातून कागद घेतला आणि स्वतः लिहायला बसले. माझी पत्नी एकटी राहते. बर्फ काढताना पडून तिचा हात मोडला. मला हे आज कळलं. माझा पगार एवढा आहे, तेवढ्यात दोन घरं चालत नाहीत. मला तिला इकडे आणायचं आहे. बस्स. देव नाही, कृपा नाही, आणि नाइलाजाने सांगते, माझ्या पत्रापेक्षा चांगलं. सही करताना म्हणाले, "हे माझ्या वडिलांनी वाचलं असतं तर मला घरात घेतलं नसतं."

बँकेने कागद हरवले, पुन्हा मागवले, पुन्हा हरवले. काकू आधी एका हाताने, मग दोन्ही हातांनी फॅक्स करत राहिली. एप्रिल संपता संपता होकार आला. त्यात उरलेलं कर्ज नंतर मागणार नाही, ही ओळ नव्हती. मी ती लेखी आल्याशिवाय काकांना सही करू दिली नाही, आणि तिथे माझा पत्रकांतला आवाज एकदाचा कामाला आला. ओळ आली. काकांचं क्रेडिट खराब झालं ते झालंच. नागपूरचं जोडपं थांबलं होतं. मे महिन्यात काकू दोन बॅगा आणि कुकर घेऊन माझ्याकडे उतरली. मी माझी खोली त्यांना दिली आणि सोफ्यावर गेले, आणि पहिल्या सकाळी काका गरम पोळीला तूप लावत म्हणाले, "आता मजेत." काकू म्हणाली, "हे बँकेला कळवू नका."

आता तुम्ही. तुमचेही कोणी काका-काकू असतील, वेस्ट विंडसरला, नेपरव्हिलला, कुठेही, घर विकायला काढलेलं. आज फोन करा. कसं चाललंय विचारा. 'मजेत' म्हणाले तर फोन ठेवू नका. पुन्हा विचारा, आणि बर्फ कोण काढतं तेही विचारा.