चिठ्ठीवरचा नंबर

आमचं शहर एवढंसं, गाड्या चार्ज करायला वाचनालयामागे दोनच पॉइंट, आणि त्यातला एक कायम बंद. म्हणून गाडी लावली की काचेवर फोन नंबरची चिठ्ठी ठेवायची. चार्जिंग संपलं की मागे थांबलेला फोन करतो.

आमच्या शेजारचे टॅक्सीवाले भाऊजी गाडी लावली की बाकावर घोरणारच! म्हणून चिठ्ठीवर त्यांनी बायकोचा नंबर लिहिलेला. तिला फोन आला की ती समोरच्या गॅलरीतून ओरडायची, "अहो कुंभकर्ण, गाडी काढा!" अख्खा रस्ता हसायचा.

ती जाऊन चार महिने झाले. चिठ्ठी मात्र तीच, आणि तिचा फोन भाऊजींच्या खिशात.

काल मी चिडवलं, "भाऊजी, आता तरी स्वतःचा नंबर लिहा की! झोप तर उडालीच आहे तुमची."

"लिहिला होता हो वहिनी. पण मग दिवसभर तिचा फोन वाजलाच नाही."

तेवढ्यात तो वाजला. भाऊजींनी उचलला नाही, नुसते ऐकत बसले. मागचा गाडीवाला तणतणत आला, तर मीच त्याला हाताने म्हटलं, थांब रे बाबा, वाजू दे जरा.